एलियाहू हनाबीचा उरूस

कोकणातल्या बेने इस्रायली या ज्यू समाजाच्या सणांची जुनी नावं वाचताना गंमत वाटते. रोश हशाना हा नव्याचा सण, योम किप्पूर हा दरफाळणीचा सण, पुरीम तर चक्क होळीचा सण. या यादीतल्या एका नावाशी मी अडलो: एलियाहू हनाबीचा उरूस. संदेष्टा ज्यूंचा, शब्द शेजारच्या दर्ग्यावरचा. तारीख मात्र शेवात महिन्याची पंधरावी, म्हणजे तू बिश्वात, झाडांचं नवं वर्ष. एलियाहूचा झाडांशी संबंध काय? इतर ज्यू समाजांत या दोघांची अशी गाठ मारलेली माझ्या पाहण्यात नाही. आणि इथे अलिबागजवळच्या खंडाळ्याला (लोणावळ्याचं ते वेगळं) नेमकी त्याच दिवशी जत्रा भरते. तिथल्या खडकावर रथाच्या चाकांच्या खुणा आहेत, एलियाहू इथूनच स्वर्गात गेला, अशी श्रद्धा.

झाडांचं नवं वर्ष हा मुळात सणच नव्हता. मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात चार नवी वर्षं सांगितली आहेत, त्यांतलं हे एक, आणि ते निव्वळ हिशेबासाठी. फळांचा दशांश द्यायचा तर कुठलं फळ गेल्या वर्षाचं आणि कुठलं यंदाचं, हे ठरायला हवं. थोडक्यात, फळांची मार्चअखेर. शम्मायच्या पंथाने ती शेवातच्या एक तारखेला धरली, हिल्लेलच्या पंथाने पंधराला, आणि हिल्लेलवाले जिंकले. पुढे जेरुसलेमचं मंदिर गेलं, लोक देशोधडीला लागले. दशांश इस्रायलच्या भूमीतल्या पिकालाच लागू, त्यामुळे बाहेरच्यांना ही तारीख जेमतेम कामाची उरली. युरोपातल्या काही ज्यूंनी त्या दिवशी फळं खायची रीत ठेवली, एवढंच.

या कोरड्या तारखेत जीव भरला तो कब्बालावाल्यांनी, म्हणजे ज्यू गूढविद्येच्या उपासकांनी. सोळाव्या शतकात गॅलिलीतल्या सफेद गावी इसहाक लुरिया आणि त्याचे शिष्य जमले. लुरिया तिथे जेमतेम दोन-तीन वर्षं राहिला, 1572 मध्ये वारला, पण त्याची एक शिकवण जगभर पसरली: कुठलंही कृत्य नुसतं उरकायचं नाही, आधी त्यामागचा संकल्प मनात धरायचा. याला कव्वाना म्हणतात. पुढे कुठल्याही धर्मकृत्याच्या आरंभी म्हणायचं ‘लेशेम यिहुद’ हे वाक्यच रूढ झालं. देव आणि त्याची शेखिना, म्हणजे त्याचं जगातलं सान्निध्य, यांचा योग व्हावा, यासाठी मी हे करतो, असा त्याचा भाव. प्रागचे मुख्य रब्बी येहेझ्केल लांडाऊ यांनी अठराव्या शतकात त्यावर कडाडून टीका केली. वाडवडील हे वाक्य न पुटपुटताच धर्माने वागत होते, असा त्यांचा रोकडा मुद्दा. तरी वाक्य टिकलं.

झाडांच्या वर्षाचा फळं खाण्याचा विधीही सर्रास लुरियाच्या नावावर खपवला जातो. ते मला पटत नाही. तो सविस्तर भेटतो ‘प्री एत्स हादार’ या चिमुकल्या पुस्तकात, आणि ते छापलं गेलं व्हेनिसला, 1728 साली. पुढे हाच मजकूर इझमिरला छापलेल्या ‘हेमदात यामिम’ या जाडजूड ग्रंथातही आला. लेखकाचं नाव कुठेच नाही, आणि संशयाची सुई फार वाईट दिशेने गेली. शब्बताई झ्वी या तोतया मसीहाने 1666 मध्ये धर्मांतर केलं. त्याचा प्रचारक गाझाचा नाथान हाच या ग्रंथाचा कर्ता, असा आरोप रब्बी याकोब एम्देन यांनी केला. आरोप सिद्ध झाला नाही, पण ग्रंथाला पाखंडाचा वास चिकटला तो चिकटलाच. विधी मात्र पूर्वेकडच्या ज्यूंमध्ये घरोघरी पोचला.

त्याची मांडणी बघण्यासारखी आहे. फळं तीन वर्गांची. अख्खी खाता येणारी, उदाहरणार्थ अंजीर, द्राक्षं. आत बी असलेली, म्हणजे खजूर, ऑलिव्ह. बाहेर कवच असलेली, म्हणजे अक्रोड, बदाम, डाळिंब. प्रत्येक वर्ग कब्बालातल्या चार विश्वांपैकी एकेकाचा. चौथं विश्व इतकं वरचं की त्याला फळच नाही. सोबत द्राक्षारसाचे चार पेले, पांढऱ्याकडून तांबड्याकडे जाणारे. आदमाने फळ खाऊन जे बिघडवलं, ते संकल्पपूर्वक फळ खाऊनच सुधारायचं, ही त्यामागची कल्पना.

आता बेने इस्रायलींचा मलिदा बघा, एलियाहूच्या नावाने मांडायचं नैवेद्याचं ताट. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची, भोवती फळं. मंडळी एलियाहूचं गाणं म्हणतात, मग एकेका जातीच्या फळावर वेगळा आशीर्वाद. खजुरावर झाडाच्या फळाचा, केळ्यावर जमिनीच्या पिकाचा, कारण ज्यू धर्मशास्त्रात केळ हे झाडच नव्हे. खंडाळ्याच्या जत्रेत तर हे होतंच, पण नव्या घरात पाऊल टाकताना, लग्नाआधी, नवस फेडताना, कुठल्याही शुभकार्याच्या आरंभी हेच ताट मांडतात आणि एलियाहूला बोलावतात.

माझं म्हणणं असं: या ताटाच्या जत्रेची तारीख कब्बालाच्या पुस्तकांतून आली. बाहेरच्या ज्यूंशी संबंध येण्याआधी बेने इस्रायलींकडे शब्बाथ होता, सुंता होती, ‘शेमा’ ही प्रार्थना होती, हनुक्का हा सण नव्हता. जिथे हनुक्का टिकला नाही, तिथे मिश्नातली हिशेबाची तारीख शतकानुशतकं टिकेल कशी? ती कोचीनच्या शिक्षकांनी आणली किंवा बगदादी व्यापाऱ्यांच्या पोथ्यांतून आली, आणि हे दोघेही कब्बाला मानणारे. कब्बालात एलियाहू हा गूढविद्येचा गुरू. लुरियालाही त्यानेच शिकवलं म्हणतात. फळांच्या संकल्पाचा दिवस आणि एलियाहू एकत्र यायला आणखी काय हवं?

विरुद्ध पक्ष दुबळा नाही. मलिदा हा शब्द फारसी, दर्ग्यावरही मलिदाच चढतो. बेने इस्रायली सिनेगॉगला मशीद म्हणत आणि एका उपासाच्या महिन्याला रमजान. मग उरूसही तिकडूनच का नसावा? शिवाय मुसलमानांचा ख्वाजा खिज्र, म्हणजे ‘हिरवा’, अमर, वाटसरूंना भेटणारा, अनेक ठिकाणी एलियाहूशी एकरूप झाला आहे. हिरव्या संताला झाडांचा दिवस शोभतोच. नाव आणि नैवेद्य शेजाऱ्यांकडून आले, हे मी बिनतक्रार देऊन टाकतो. पण खिज्र कितीही हिरवा असला तरी तो शेवातची पंधरावी तारीख कुठून आणणार? ती ज्यू पंचांगातच सापडते.

इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलींना खंडाळा लांब पडला. ते आता मलिद्याचं ताट घेऊन हैफाला जातात, कार्मेल डोंगरातल्या एलियाहूच्या गुहेत. तिथले अरब त्या गुहेला खिज्रची गुहा म्हणतात.