पाठ टेकण्यापुरती जागा

आपल्या इतिहासग्रंथांत प्रवासाची वर्णने पुष्कळ आढळतात. सैन्य मजल दरमजल करीत कोठे पोहोचले, व्यापाऱ्यांचे तांडे कोणत्या घाटाने उतरले, यात्रेकरूंनी कोणकोणती तीर्थे केली, हे सारे तपशीलवार सांगितलेले असते. परंतु ही माणसे रात्री निजली कोठे, हा साधा प्रश्न मात्र बहुधा अनुत्तरितच राहतो. केंद्र सरकारच्या नोकरीत उभी हयात घालविलेल्या आमच्यासारख्यास हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. बदल्या आणि दौरे यांच्या निमित्ताने आम्ही सर्किट हाऊसच्या मच्छरदाणीत झोपलो आहोत, आणि फलाटावर टपालाच्या पोत्यांना पाठ टेकूनही रात्री काढल्या आहेत. प्रवासभत्त्याच्या बिलात पहिल्या प्रकारासाठी रकाना असतो, दुसऱ्यासाठी नसतो. स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहावे अशी संपादकांची आज्ञा झाली, तेव्हा या रकान्याबाहेरच्या रात्रींचाच थोडा मागोवा घ्यावा असे आम्ही ठरविले.

वाटसरूची सोय करणे हे राज्याचे कर्तव्य होय, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. रस्त्याच्या कडेने वड लावले, विहिरी खणविल्या आणि विश्रामस्थाने बांधली, असे सम्राट अशोकाने आपल्या स्तंभलेखात नमूद केले आहे. महाराष्ट्रापुरते पाहावयाचे झाल्यास नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यापुढे उभे राहावे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा लेख तेथे कोरलेला आहे. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे आजचे भडोच, मंदसोर, नाशिकजवळचे गोवर्धन आणि नालासोपारा, येथे त्याने प्रवाशांसाठी चौसोपी निवासस्थाने बांधली. तापी, दमणगंगा आदी नद्यांवर विनामूल्य नावा ठेवल्या, आणि दोन्ही तीरांवर बसण्याउठण्याच्या जागा व पाणपोया उभारल्या. नावेची वाट पाहणाऱ्याची रात्र नदीकाठीच व्हायची, हे या माणसाने ओळखले होते. उषवदात हा शक होता, म्हणजे वंशाने परकीयच. परक्या मुलुखातील रात्र कशी असते हे त्याच्या कुळाला ठाऊक असावे, असे आम्हांस उगीचच वाटून जाते.

त्याच काळाच्या आगेमागे सह्याद्रीच्या कुशीत कोरलेल्या लेण्यांमध्ये भिक्षूंसाठी दगडी बाक आहेत. भाजे येथील कोठड्यांतून ते आजही पाहावयास मिळतात. अंथरूण नाही, उशी नाही. कातळातच कोरलेली एक पथारी. पावसाळ्याचे महिने भिक्षूंनी एका जागी राहावे असा नियम होता, आणि कोकण व देश यांना जोडणाऱ्या घाटवाटांजवळच ही लेणी असल्यामुळे वाटेवरच्या व्यापाऱ्यांचे दान त्यांना मिळत गेले.

उत्तरेत नोकरीनिमित्त राहिलेल्या आपल्या कुटुंबांना 'सराय' हा शब्द नवा नाही. दिल्लीतील युसूफ सराय, काटवारिया सराय, लाडो सराय, कालू सराय या वस्त्यांत आपल्यापैकी कित्येकांनी भाड्याची घरे शोधली असतील. मुगलसराय स्थानकाचे नाव २०१८ साली बदलले, तरी जुन्या माणसांच्या तोंडी तेच नाव येते. शेरशहाने (कारकीर्द १५४० ते १५४५) आपल्या रस्त्यांवर दर दोन कोसांवर सराय बांधली, आणि तेथे हिंदू व मुसलमान प्रवाशांची निरनिराळी व्यवस्था ठेवली, असे अब्बासखान सरवानी लिहितो. शहाजहानची कन्या जहांआरा हिने दिल्लीच्या चांदणी चौकात बांधविलेली सराय पाहून फ्रेंच प्रवासी बर्निये याने पॅरिसमध्येही अशा वास्तू असाव्यात अशी इच्छा व्यक्त केली. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी ती पाडली आणि त्या जागी टाऊन हॉल उभा राहिला. १८६७ साली सरायांसाठी स्वतंत्र कायदाही झाला, आणि प्रत्येक सराय व तिचा चालक यांची सरकारदरबारी नोंद होऊ लागली. नोंदवही आली. तिच्याविषयी पुढे बोलणे प्राप्तच आहे.

आपल्या खेड्यांत सराय नव्हती. तेथे देऊळ, चावडी आणि वडापिंपळाचा पार होता. संध्याकाळी आलेल्या वाटसरूने मारुतीच्या देवळात घोंगडी पसरावी, पहाटे उठून वाटेस लागावे, हा रिवाज. याच बळावर पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली आपल्या काकांसह उत्तरेकडे निघाले. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल व कर्ज फिटेल, एवढीच आशा. महूच्या वाटेवर त्यांना बंडाची वार्ता सांगणारे शिपाई भेटले. पुढे झाशीचा वेढा आणि लूट त्यांनी आतून पाहिली. अखेर द्रव्य नाही, तर गंगेची कावड तेवढी खांद्यावर घेऊन ते घरी परतले. त्यांनी १८८३ साली लिहिलेला 'माझा प्रवास' चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. अनोळखी मुलुखातून एवढी पायपीट करता आली, यात देवळाच्या ओसरीचा, आणि भिक्षुकाला कोणीही घरात घेई या रीतीचा वाटा मोठा आहे. अहल्याबाई होळकरांनी काशीपासून गयेपर्यंत देवळे, घाट व धर्मशाळा उभारल्या, त्यांचेही ऋण अशा असंख्य यात्रेकरूंवर आहे.

परंतु येथेच थांबलो, तर हा इतिहास अर्धाच सांगितला असे होईल. देवळाची ओसरी सर्वांसाठी नव्हती. गोडसे भटजींच्या आणि दुसऱ्या एका प्रवाशाच्या अनुभवांत जे अंतर आहे, ते मराठी माणसाने विसरता कामा नये.

१९०१ साली नऊ वर्षांचा भीमराव आंबेडकर आपला भाऊ व भाचे यांच्यासह वडिलांना भेटण्यास कोरेगावकडे निघाला. मसूर स्थानकावर उतरल्यावर ही मुले महार आहेत असे कळताच एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक जण कबूल झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनी हाकावी आणि आपण बाजूने चालत यावे. रात्र झाली ती टोलनाक्यावर. जवळ शिदोरी होती, पण पाणी कोणी देईना. बैल सोडून गाडी उतरती टेकलेली होती. तिच्याच फळ्यांवर अंथरूण घालून ती मुले उपाशी झोपली.

१९१७ साली हेच आंबेडकर परदेशांतील उच्च शिक्षण घेऊन बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. उतरण्यास जागा मिळेना, म्हणून एका पारशी विश्रामगृहात ते गेले. नोंदवहीत पारशी नाव लिहिले तरच खोली मिळणार होती. तसे नाव लिहून ते माळ्यावर राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला, आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान सुटले. दोन मित्रांनीही आपापल्या घरच्या अडचणी सांगितल्या. मुंबईची गाडी रात्री होती. तोवर ते कामाठी बागेत बसून राहिले. या आठवणी त्यांनी इंग्रजीत लिहून ठेवल्या, त्या १९९० साली 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने प्रसिद्ध झाल्या. मोठ्या पदाचा अधिकारी, खिशात पैसे, शहरात घरांची वाण नाही. आणि तरीही पाठ टेकावयास जागा नाही. आमच्यासारख्या बदलीच्या नोकरदारांनी तर हे प्रकरण दोनदा वाचावे.

या अन्यायाला उत्तर देणारेही मराठी मातीतच निघाले. गाडगे महाराजांनी (१८७६ ते १९५६) हाती खराटा घेऊन गावे झाडली, आणि कीर्तनातून मिळालेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा बांधल्या. देवळाच्या दारातूनच ज्यांना परत फिरावे लागे, त्या यात्रेकरूंसाठी पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभी राहिली. ती त्यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. पुढे राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली, आणि १९५५ च्या कायद्यात धर्मशाळा, सराय व मुसाफिरखाना हे शब्द मुद्दाम घालावे लागले. ते का घालावे लागले, हे वरील दोन रात्री सांगतात.

आपल्या मुलुखाबाहेर राहणाऱ्यांना एका गोष्टीचा उल्लेख आवडेल. पंजाबात संत नामदेवांची स्मृती घुमान येथे जपलेली आहे, त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहेबात आहेत. आणि गुरू गोविंदसिंगांचे देहावसान १७०८ साली आमच्या नांदेडास झाले. ट्रकवाल्याच्या शेजारी बसून देशभर फिरणारी आजची तरुण मुले गुरुद्वाऱ्याच्या सरायेत उतरतात, लंगरात जेवतात. जातपात न विचारता आसरा देण्याची रीत तेथे अव्याहत चालू आहे.

आता घरच्याविषयी. आपल्या मंडळाच्या वास्तूत मागील बाजूस दोन खोल्या आहेत. नोकरीच्या मुलाखतीस आलेली, परीक्षेस आलेली, आजारी आईवडिलांना मोठ्या रुग्णालयात घेऊन आलेली माणसे तेथे उतरत आली आहेत. खोल्या भरल्या म्हणजे गणेशोत्सवाच्या रंगमंचावर, नाटकाच्या गुंडाळलेल्या पडद्यांची उशी करून झोपलेली मंडळी आज आपल्यातच बसलेली आहेत. या खोल्या समारंभांसाठी भाड्याने द्याव्यात, अशी सूचना सध्या कार्यकारिणीपुढे आहे. वीज, पाणी आणि डागडुजी यांचा खर्च वाढला आहे, हे आम्ही नाकारीत नाही. हिशेब तपासणे हा आमचा जन्माचा व्यवसाय आहे. एक खोली भाड्याने द्यावी, आणि तिच्या उत्पन्नातून दुसरी वाटसरूसाठी राखावी, एवढीच आमची विनंती आहे.

नोंदवहीत नाव लिहून घ्यावे, ओळखपत्र पाहावे. कायदा तो सांगतो आणि ते योग्यच आहे. मात्र ते नाव आणि आडनाव वाचून दार उघडावयाचे की नाही, हे ठरू नये. पन्नास वर्षे पुरी केलेल्या संस्थेने पुढील पन्नास वर्षांसाठी एवढा एक ठराव वार्षिक सभेत संमत करावा, असे आम्ही सर्व सभासदांपुढे सादर करतो.