रांजण भरणारे

आमच्या गावच्या वेशीवर एक पाणपोई होती. ती कोणी बांधली, ते तिथल्या दगडावर कोरले होते. रांजण रोज कोण भरीत असे, ते मात्र कोणी कोरून ठेवले नव्हते. संगणकाच्या इतिहासातील एक प्रकरण वाचताना मला ती पाणपोई आठवली.

१९९१ च्या सप्टेंबरात हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने संगणक चालविणारी आपली नवी प्रणाली सर्वांसाठी खुली केली. सुमारे दहा हजार ओळींचा तो पसारा! तिचे नाव ‘फ्रीक्स’ ठेवावे, असे त्याच्या मनात होते. पण फिनलंडमधील विद्यापीठांच्या ज्या संगणकावर ती ठेवायची होती, तेथील व्यवस्था पाहणाऱ्या आरी लेम्के यांना ते रुचले नाही. त्यांनी कप्प्यालाच ‘लिनक्स’ असे नाव देऊन टाकले. बारसे आईबापांऐवजी कोठीवाल्याने उरकले म्हणा ना!

त्या काळी समुद्रापलीकडून माल आणणे फार संथ चाले. म्हणून थिओडोर त्सो यांनी अमेरिकेत एमआयटीमधील संगणकावर तिची प्रत ठेवली. मूळ कोठाराची अशी हुबेहूब प्रत म्हणजे ‘मिरर’, म्हणजेच आरसा. पुढे देशोदेशी असे आरसे उभे राहिले. त्यांतले कितीतरी हौशी मंडळींनी पदरमोड करून सांभाळले.

वाचकहो, प्रत करणे सोपे. ती ताजी ठेवणे कठीण. १९९३ साली सुरू झालेल्या ‘डेबियन’चे भांडार दिवसातून चार वेळा बदलते. आरसा राखणाऱ्याने आधी नवा माल आणायचा आणि मगच याद्या बदलायच्या. क्रम चुकला, तर यादीत नाव आहे आणि फळीवर वस्तू नाही! १९९६ साली ‘आरसिंक’ हे साधन निघाले. ते बदललेला तेवढाच भाग आणते, म्हणून हे ओझे पेलवते.

बंद आरशापेक्षा शिळा आरसा वाईट. बंद असला तर माणूस दुसरे दार ठोठावतो. शिळा मात्र हसतमुखाने जुनेच देत राहतो, आणि चोरवाट बुजविणारी नवी दुरुस्ती त्यात नसते. म्हणून डेबियनच्या याद्यांवर सहीशिक्का असतो; सुरक्षेच्या दुरुस्त्यांच्या यादीवर तर मुदतही असते. भेसळ झाली तर पकडली जाते, शिळेपणाही ओळखू येतो. पण राखणाराच निघून गेला, तर त्याला शिक्का काय करणार?

मी स्वतः तीच प्रणाली वर्षानुवर्षे फुकट वापरीत आलो आहे. ती कोणाच्या आरशातून माझ्यापर्यंत आली, हे मी कधी पाहिलेही नाही. गावची पाणपोईही कोणी पाडली नव्हती. रांजण भरणारे म्हातारबाबा गेले, आणि पुढच्या उन्हाळ्यात रांजण कोरडा राहिला, एवढेच. त्यातले पाणी मी कितीदा तरी प्यालो होतो. एक घागर ओतल्याचे मात्र आठवत नाही.