जुन्या शिकारी रायफलींचे मोल कसे ठरते?

वस्तू जितकी जुनी तितकी मौल्यवान, असा सर्वसाधारण समज आहे. शिकारी रायफलींच्या बाबतीत मात्र तो फसवा ठरतो. शंभर वर्षांची एखादी रायफल मामुली किमतीला जाते, तर तिच्याहून कितीतरी नव्या रायफलीसाठी संग्राहकांमध्ये चढाओढ लागते. निर्माता, मूळ स्वरूप, दुर्मीळता आणि इतिहास या चार कसोट्यांवर हे मोल ठरते.

निर्माता आणि काळ

अमेरिकेतील विंचेस्टर कंपनीची 'मॉडेल ७०' ही रायफल १९३६ साली बाजारात आली. १९६४ साली खर्चकपातीसाठी तिच्या रचनेत बदल झाले. काडतूस घट्ट पकडणारा पंजासारखा भाग गेला आणि दस्त्यावरील हाताने कोरलेल्या नक्षीच्या जागी दाबून उठवलेली नक्षी आली. त्यामुळे १९६४ पूर्वीच्या रायफलींना आजही अधिक भाव मिळतो. त्यातही ज्या कॅलिबरच्या रायफली थोड्याच निघाल्या, त्यांची किंमत सर्रास आढळणाऱ्या 'थर्टी-ओ-सिक्स'पेक्षा जास्त असते. इंग्लंडमधील हॉलंड अँड हॉलंड, रिग्बी यांच्या हातघडणीच्या दुनळी रायफलींची गणना तर वेगळ्याच श्रेणीत होते.

मूळ स्वरूप

पोलादावरील मूळ निळसर-काळा मुलामा किती टक्के शिल्लक आहे, हे जाणकार प्रथम पाहतात. त्यानंतर नळीच्या आतील सर्पिल खाचा, दस्त्याचे लाकूड, स्क्रूंच्या खाचा आणि सर्व भागांवरील क्रमांक तपासले जातात. दुर्बीण बसविण्यासाठी नंतर पाडलेली छिद्रे किंवा कापून आखूड केलेला दस्ता किंमत घटवतो. सर्वांत मोठे नुकसान करते ती हौसेने केलेली सफाई. घासूनपुसून नव्याने मुलामा दिलेली रायफल दिसते देखणी, पण संग्राहकाच्या लेखी तिचे मोल मोठ्या प्रमाणात उतरलेले असते. एकदा गेलेला मूळ मुलामा परत आणता येत नाही.

इतिहासाचा पुरावा

'विंचेस्टर १८८६' या मॉडेलची क्रमांक १ ची रायफल, जेरोनिमोच्या पाठलागात सहभागी असलेल्या कॅप्टन हेन्री लॉटन यांना भेट मिळाली होती. २०१६ सालच्या लिलावात तिला सुमारे १२ लाख ६५ हजार डॉलर मिळाले. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना १९०७ साली मिळालेल्या रिग्बी रायफलीवर त्या प्रसंगाची नोंद असलेली चांदीची पट्टी आहे. ही रायफल २०१५ साली रिग्बी कंपनीनेच पुन्हा मिळवली. मात्र 'ही अमुक महाराजांची' अशा निव्वळ ऐकीव कथेला बाजारात किंमत नाही. अनुक्रमांक, निर्मात्याचे दप्तर, मूळ पावती, जुनी छायाचित्रे यांचा आधार लागतो. विंचेस्टरच्या अनेक जुन्या रायफलींच्या नोंदी अमेरिकेतील कोडी येथील संग्रहालयातून मिळू शकतात.

कायद्याची चौकट

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा काळ संपला. वाडवडिलांची रायफल वारशाने आली, तरी परवाना लागतोच. २०१९ च्या दुरुस्तीनुसार वारसाहक्कानेही सामान्यतः दोनपेक्षा अधिक बंदुका बाळगता येत नाहीत. दुरुस्ती करूनही वापरता न येणाऱ्या पुरातन शस्त्रांना कायद्यात सवलत आहे. पण तो निर्णय आपणच करणे धोक्याचे. शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू परवानगीशिवाय परदेशी नेता येत नाही. त्यामुळे परदेशातील लिलावांचे आकडे येथील रायफलीला जसेच्या तसे लावणे चूक ठरते. येथे खरेदीदार परवानाधारकच हवा, आणि असे खरेदीदार मोजकेच असतात.

म्हणून माळ्यावर जुनी रायफल सापडल्यास आधी कागदपत्रे शोधावीत, पोलिसांना कळवावे आणि मगच परवानाधारक विक्रेत्याकडून मूल्यांकन करून घ्यावे. पॉलिशचा डबा मात्र उघडू नये.