फारसी कागद आणि ग. ह. खरे

हिजरी सन २२, म्हणजे इसवी सन ६४३. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीचा काळ. मिसरमधील अहनास या गावी अब्दुल्लाह बिन जाबिर नावाच्या सरदाराने लष्करासाठी ६५ मेंढ्या घेतल्या आणि त्याची पावती लिहून दिली. ही पावती पपायरसवर आहे. पपायरस म्हणजे नाईलकाठच्या लव्हाळ्याच्या पट्ट्या आडव्या-उभ्या दाबून केलेला कागद. अरबीत त्याला किरतास म्हणत. पावतीचा मजकूर ग्रीक आणि अरबी अशा दोन भाषांत आहे. ग्रीक मजकूर योहान नावाच्या ख्रिस्ती लेखनिकाचा, अरबी इब्न हदीदचा. घेतलेल्या मेंढ्या गावाच्या करात वळत्या करून धरल्याची नोंदही तिच्यावर आहे. ही पावती आज व्हिएन्नाच्या ग्रंथालयात आहे.

विजेत्या फौजेने जितांच्या गावात मेंढ्या घेतल्या आणि पावती दिली, ही गोष्ट लढायांच्या बखरीत सापडायची नाही. ती सापडते अशा चिठोऱ्यात. ॲडॉल्फ ग्रोहमान (१८८७-१९७७) या ऑस्ट्रियन विद्वानाने असे अरबी पपायरस वाचण्यात हयात घालवली. कैरोच्या ग्रंथालयातील अरबी पपायरसांचा त्याचा पहिला खंड १९३४ साली निघाला आणि पुढे असे एकूण सहा खंड झाले.

योगायोग असा की त्याच १९३४ साली पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने ‘ऐतिहासिक फारसी साहित्य’चा पहिला खंड काढला, आणि त्याचेही पुढे सहाच खंड झाले. सहावा निघाला १९७३ मध्ये. त्यांचे संपादक होते गणेश हरी खरे. आपल्या वाचकांपैकी किती जणांना हे नाव ठाऊक आहे?

खरे यांचा जन्म १९०१ चा, आपल्या शेजारच्या पनवेलचा. इतिहासाचार्य राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी १९१० मध्ये स्थापन केलेल्या मंडळात त्यांची सारी उमर गेली. १९८५ मध्ये त्यांचे निधन झाले. ‘श्रीविठ्ठल आणि पंढरपूर’ आणि ‘मूर्तिविज्ञान’ लिहिणारा हा माणूस. पण मराठ्यांचा इतिहास लिहायचा तर फारसी आल्यावाचून गत्यंतर नाही, हे त्यांनी ओळखले आणि ती जबान कमावली. मूर्तींचा अभ्यास आणि आदिलशाही फर्मानांचे वाचन या दोन गोष्टी त्यांना परस्परविरोधी वाटल्या नाहीत. नव्या अभ्यासकांची अडचण जाणून १९५१ साली त्यांनी ‘संशोधकाचा मित्र’ हे पुस्तकही लिहिले.

हे वाचन म्हणजे काय काम असते? आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकातली नस्तालीक लिपी सुबक असते. दफ्तरातला कारकून मात्र घाईत शिकस्ता लिहितो. नुक्ते गाळतो, एक शब्द दुसऱ्याला जोडतो. नुक्ता नसला की बे, ते आणि नून यांत फरक राहत नाही. अर्थ जाणूनच अक्षर लावावे लागते. मग शिक्का वाचायचा, कागद कोणत्या बादशहाचा ते ठरवायचे, तारीख लावायची. दख्खनच्या कागदांत बहुधा सुहूर सन असतो आणि तो अरबी संख्यावाचक शब्दांत लिहितात. ‘खमस सबैन व अलफ’ म्हणजे पाच, सत्तर आणि हजार, एकूण १०७५. त्यात ५९९ मिळवले की १६७४, शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचे साल. सुहूर सन मृग नक्षत्राला बदलतो, म्हणून जानेवारीपासून पुढच्या महिन्यांसाठी ६०० मिळवावे लागतात. मकतबात गेलेल्या आपल्या कोणत्याही मुलाला खमस आणि अलफ समजावून सांगावे लागत नाहीत. खरे यांना मात्र ते शिकावे लागले.

या कागदांतून दिसते काय? आदिलशाहीची अनेक फर्माने वर फारसीत आणि खाली मोडी मराठीत आहेत. अहनासच्या पावतीसारखीच ही दोन भाषांची वहिवाट, एक हुकूम देणाऱ्याची आणि एक ऐकणाऱ्याची. गावच्या तंट्याचा निवाडा झाला की महजर लिहिला जाई. त्यावर काझीचा शिक्का असे, देशमुख-देशपांड्यांची नावे असत आणि ज्यांना लिहिता येत नसे त्यांच्या निशाण्या असत. कुणब्याचा नांगर तशी ज्याच्या त्याच्या धंद्याची खूण. कल्याण-भिवंडीचा मुलूख १६५७ साली आदिलशाहीकडून शिवाजी महाराजांकडे आला हे आपण शाळेत शिकवतो. पण राज्य बदलले तरी इनाम, वतन, मशिदीचे तेलवात, विहिरीचे पाणी यांचे व्यवहार अशाच कागदांवर चालत राहतात. तलवारीच्या इतिहासात आपण एकमेकांसमोर उभे दिसतो, तर महजरात एकाच कागदावर.

आता थोडे आपल्याविषयी. कोकणात काझी, खतीब, मुल्ला, मुजावर अशी वतने असलेली घराणी आजही आहेत. त्यांच्या जुन्या पेट्यांत कागद असतात. फारसी वाचणारा घरात उरलेला नसतो. कागदाच्या माथ्यावर अल्लाहचे नाव दिसते, म्हणून तो मुकद्दस मानला जातो आणि फाटू लागला की कुराणाच्या जीर्ण पानांबरोबर विहिरीत किंवा खाडीत ‘ठंडा’ केला जातो. अदब म्हणून केलेल्या या कृतीत कधी एखादी सनद बुडते, कधी एखादा कबाला, कधी पणजोबांच्या पणजोबांचे नाव. मिसरच्या कोरड्या वाळूने तेराशे वर्षे पपायरस सांभाळला. आपल्याकडे चार महिने पाऊस आहे आणि बारा महिने वाळवी. इथे कागद माणसांनीच सांभाळले तर राहतात.

आम्हा उर्दू शिक्षकांना यात पुष्कळ करता येईल. लिपी आपली आहे, अर्धेअधिक शब्द आपले आहेत. मुलांना आधी फर्मानाचा एक छापील नमुना दाखवावा, मग शिकस्ता. मात्र फर्मानाचा खालचा अर्धा भाग मोडीत असतो, तेव्हा मोडी जाणणाऱ्या शेजाऱ्याला सोबत बसवावे लागेल. जुन्या कागदाला चिकटपट्टी लावू नये, त्याचे लॅमिनेशन करू नये. स्वच्छ सुती कापडात ठेवावा आणि त्याचा फोटो काढून घ्यावा. पुण्याचे मंडळ आहे, मुंबई-पुण्याची पुराभिलेखागारे आहेत. आणि पाण्यात सोडण्यासाठी कागद बाजूला काढलेच असतील, तर सोडण्यापूर्वी ते एकदा वाचणाऱ्याला दाखवावेत. पनवेलच्या एका माणसाने आपल्या बुजुर्गांचे कागद आयुष्यभर वाचले. आपल्या घरातला एक तरी कागद आपण वाचायला नको का?