मी न पाहिलेलं 'मॅजेस्टिक'

मला गिरगावातलं मॅजेस्टिक थिएटर चांगलं आठवतं. आजीचा हात धरून मी बाहेर उभी आहे, खाकी कपड्यांतला डोअरकीपर तिकिटं फाडतोय, गर्दी पार रस्त्यापर्यंत आलीय आणि धक्काबुक्कीत माझी एक चप्पल हरवलीय. ही आठवण मी कॉलेजात मैत्रिणींना सांगितली, इथे इंग्लंडमध्ये आल्यावर सांगितली, एकदा तर वर्गात शिकवतानाही सांगून टाकली. अडचण एवढीच, की माझा जन्म १९८४चा आणि मॅजेस्टिक त्याआधीच पाडलेलं होतं. माझ्या लहानपणी त्या जागी मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर होतं. आजही आहे.

इतिहासाच्या माणसाला हे कबूल करायला जरा लाज वाटते. पण ही आठवण आली कुठून हे शोधताना जे सापडलं, ते तुम्हाला सांगायलाच हवं.

ती गर्दी माझी नव्हती, १९३१ची होती. त्या वर्षी १४ मार्चला मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला. भारताचा पहिला बोलपट. अर्देशीर इराणींच्या इंपीरियल कंपनीने तो काढला होता, आणि त्यांचा स्टुडिओ होता केनेडी ब्रिजजवळ, रेल्वेच्या रुळांना लागून. दिवसा गाड्यांच्या खडखडाटात आवाज टिपणं शक्यच नव्हतं, म्हणून शूटिंग रात्री, गाड्या थांबल्यावर व्हायचं. म्हणजे सिनेमा जिथे बनला आणि जिथे लागला, त्या दोन जागा चालत जाण्याइतक्या जवळ होत्या. नायक होते आपले मास्टर विठ्ठल. मूकपटांत तलवारबाजी गाजवलेला हा गडी, पण त्यांची हिंदुस्थानी काही धड नव्हती. म्हणून त्यांना बऱ्याच प्रसंगांत ग्लानीतच ठेवलं, असं सांगतात. चार आण्यांचं तिकीट काळ्याबाजारात चार-पाच रुपयांना गेलं, गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले.

माझे पणजोबा त्या गर्दीत होते. वहाण त्यांची हरवली. आजी तेव्हा तीन वर्षांची, म्हणजे तिनेही हे ऐकलेलंच. पण ती सांगायची अशी, की जणू स्वतःच अनवाणी घरी आली होती. आणि मी तीच वहाण माझ्या पायात घातली! डोअरकीपर बहुधा दुसऱ्याच कुठल्या तरी थिएटरचा असावा.

गंमत म्हणजे 'आलम आरा'चंही असंच झालंय. त्याची प्रिंट आज कुठेच नाही. २००३मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली, प्रभातचे जुने रीळ जळाले, आणि 'आलम आरा'ही त्यातच गेला असं आजही सर्रास छापलं जातं. पण राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय ज्यांनी उभं केलं, त्या पी. के. नायर यांनी स्पष्ट सांगितलं होतं, की ती प्रिंट संग्रहालयाकडे कधी आलीच नव्हती. जी वस्तू तिथे नव्हतीच, तिचं जळणं लोकांना आठवतं. मग माझ्या चपलेचं काय घेऊन बसलात!

आता आजीबद्दल. 'संत तुकाराम' मी मॅजेस्टिकला पाहिला, असं ती नेहमी म्हणायची. मी पीएचडी करत असताना सुट्टीत घरी गेले आणि तिच्यासमोर रेकॉर्डर ठेवला. ती रंगात आली होती. चाळीतल्या बायका डबे घेऊन निघायच्या, पडद्यावर तुकोबा दिसले की काहीजणी हात जोडायच्या, विमान वर जाताना तिची आई रडली. तेवढ्यात मी म्हणाले, "अगं आजी, 'संत तुकाराम' सेंट्रलला लागला होता, मॅजेस्टिकला नाही."

माझं बरोबर होतं. १२ डिसेंबर १९३६ला तो गिरगावातल्याच सेंट्रल सिनेमात लागला आणि सत्तावन्न आठवडे चालला. १९३७ला व्हेनिसला त्याचा गौरव झाला. सगळं कागदोपत्री आहे.

आजी म्हणाली, "बरं बाई, मग तूच सांग."

आणि ती उठून आत गेली. पुन्हा कधी तिने सिनेमाचं काही सांगितलं नाही. पुढच्या वर्षी ती गेली.

मला खूप उशिरा कळलं, की ती चुकत नव्हती, पत्ता सांगत होती. आमच्या चाळीत 'मॅजेस्टिकला जाऊन येते' म्हणजे भाजी, दोरा, पुस्तक, काहीही. केशवराव कोठावळ्यांचा बुक स्टॉल मॅजेस्टिक, शॉपिंग सेंटर मॅजेस्टिक. इमारत पाडली, नाव पाडता आलं नाही. सेंट्रल जवळच होतं, पण तिच्या तोंडात सिनेमाचं गाव एकच. हे कुठल्याही कागदावर नाही. ते फक्त तिच्या 'चुकीत' होतं, आणि मी ती दुरुस्त करायला निघाले होते.

हल्ली कुणाची मुलाखत घेताना मी साल विचारत नाही, निदान पहिल्या तासात तरी नाही. बसायला काय होतं, बरोबर कोण होतं, घरी काय सांगून निघालात, एवढंच विचारते. तारखा मागाहून लायब्ररीत सापडतात. तुमच्या आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉलवर बोलाल तेव्हा करून बघा.

या आठवड्याच्या भागात डब्यांचं आणि तुकोबांच्या विमानाचं जे ऐकाल, तो आजीचा आवाज आहे. माझं वाक्य आम्ही कापलेलं नाही.