तळटीप : ‘शकुंतला’
* शकुंतला : यवतमाळ–मूर्तिजापूर नॅरोगेज गाडी. १८५३च्या तहाने वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि त्यांची नजर इथल्या काळ्या जमिनीवर खिळली. मुंबईची मोठी रेल्वे मूर्तिजापूरवरून गेली. तिथवर यवतमाळचा कापूस न्यायला किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी अडीच फूट रुंदीचा हा लोहमार्ग उभारला. जिनात सरकी काढून प्रेसमध्ये बांधलेल्या गाठी मूर्तिजापूरला मोठ्या डब्यांत चढत, मुंबईहून जहाजाने परदेशी जात. लेखकाने गाडीविषयी जिव्हाळ्याने लिहिले आहे, तो जिव्हाळा खराच. पण तिची आखणी माणसांसाठी नव्हे, कापसासाठी झाली होती.