'लोकयुद्ध' आणि 'पत्री सरकार'

बलाढ्य साम्यवादी सत्तेच्या गरजेचा भार तिच्या दूरदेशीच्या लहान सहकारी पक्षावर कसा पडतो, हे सातारा जिल्ह्याच्या इतिहासात दोन शब्दांवरून ताडता येते. जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले. त्या वर्षाअखेर भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या लेखी 'साम्राज्यशाही युद्धा'चे 'लोकयुद्ध' झाले. जुलै १९४२ मध्ये सरकारने पक्षावरील बंदी उठविली. पुढच्याच महिन्यात 'चले जाव'चा लढा पेटला, आणि पक्ष त्याबाहेर राहिला.

१९४३ मध्ये नाना पाटील यांचे प्रतिसरकार उभे राहिले. त्याच वर्षी वाटेगावच्या (आता सांगली जिल्हा) अण्णा भाऊ साठे यांनी स्टालिनग्राडवर पवाडा रचला. माती एकच. परंतु 'प्रति'चे 'पत्री' लोकांनी आपल्या तोंडाने केले, पायांना पत्रे ठोकल्याच्या आख्यायिका त्यास जोडल्या; 'लोकयुद्ध' मात्र, नावात लोक असूनही, पक्षाच्या छापील भाषेपुरतेच उरले. म्हणून पक्षास मॉस्कोचे केवळ बाहुले ठरविणे उथळपणाचे होईल. फॅसिझमचे भय खरेच होते. खुद्द नाना पाटील पुढे त्याच पक्षात गेले, व १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले.